नवव्या मजल्यावरचं रिफ्रेन

"ओ दाऽऽदा! चाय हुआऽऽ क्याऽऽ?"

माझी तिसरी हाळी नवव्या मजल्याच्या बाल्कनीतून सुटली आणि समोरच्या टॉवरवर आपटून माझ्याच कानात परत आली. जाता-येता तिनं बरीच कामं केली. टाकीवरची कबुतरं उठून थेट विमानतळाच्या दिशेनं गेली. गेटवरच्या दरवानानं शिट्टी मारली. आमच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी धाडकन खिडकी लावली, खालच्या मजल्यावर एक तान्हं रडायला लागलं, आणि खोटं कशाला सांगू, तिकडं लांब खिदिरपूरच्या गोदीत एक जहाज भोंगा देऊन निघालं. त्याला वाटलं, आपलाच नंबर पुकारला.

एवढं झाल्यावर समोरच्या दहाव्या मजल्यावरचं दार उघडलं. डोक्याला माकडटोपी, अंगावर शाल, शालीवर आणखी एक शाल, हातात पाण्याचा मग, असे एक गृहस्थ कुंड्यांमध्ये येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघून एक हात वर केला.

"होबे, होबे!"

म्हणजे होईल, होईल. चहा अजून व्हायचा होता.

"बाबा!" मागून मुलगा आला. कुजबुजत ओरडण्याची एक कला असते, ती त्याला साधली आहे. "बाबा, प्लीज. हिची मीटिंग चालू आहे आत. अमेरिकेतली माणसं विचारतायत, हू इज दादा?"

"मग सांग की त्यांना. समोरचे आहेत म्हणावं."

माझा आवाज तसा माझा नाहीच, नोकरीचा आहे. सगळी हयात आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. खिडकीत बसायचं आणि गाड्या पुकारायच्या. माइक होता, पण तो पावसाळ्यात भिजायचा, उन्हाळ्यात तापायचा आणि हिवाळ्यात उगीचच बंद असायचा. तेव्हा मी नुसत्या गळ्यावर खातं चालवलं. 'मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजीऽऽ' अशी हाळी दिली की शेजारच्या टॉकीजमधली माणसं इंटर्व्हल झाला समजून भेळ खायला बाहेर यायची. एकदा तर मी पुकारलेली कोल्हापूर गाडी पुढच्या स्टँडवरून सुटली. तिथल्या कंट्रोलरनं फोन करून विनवलं, साहेब, जरा तोंड पलीकडं करून बोलत जा. घरीही मी तसाच बोलायचो. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, मी इथंच आहे."

ती गेली, आणि मुलगा मला इकडं घेऊन आला. घराला कुलूप, किल्ली पुतण्याकडं, आणि मी कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या या उभ्या डब्यात.

एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. मोठ्यानं बोलायचं तर समोरचा माणूस लांब असावा लागतो. शेताच्या पलीकडं, रस्त्याच्या पलीकडं, निदान फलाटाच्या पलीकडं. फ्लॅटमध्ये सगळेच हाताच्या अंतरावर आणि सगळ्यांच्या कानात ती पांढरी बोंडं. मुलगा सकाळी ऑफिसला जायचा. सून बंद दाराआड बसून दिवसभर कोणाकोणाशी इंग्रजी बोलायची. आपण होऊन माझ्याशी बोलणारी एकच बाई होती, लिफ्टमधली. 'नाइन्थ फ्लोअर,' म्हणायची. उच्चार स्वच्छ, पण जीव नाही. आपल्याच धंद्यातली म्हणून मी तिला समजावलं, की बाई, मजला पुकारताना शेवट जरा लांबवावा, म्हणजे पेंगणारा उतारू जागा होतो. तिनं ऐकून घेतलं आणि दार बंद केलं.

हिवाळ्याच्या तोंडाला मुलानं एकदा जेवताना विषय काढला. "बाबा, तुम्हाला इथं करमतंय ना? नसेल तर स्पष्ट सांगा. गावचं घर झाडून-पुसून घेऊ, तुमची सोय लावून देऊ. पण एकदा काय ते ठरवा. असं अधांतरी नको."

आता खरं सांगायचं तर करमत नव्हतं. पण गावच्या घरात तरी कोण होतं? तिथं हाळी दिली तर ती चारी खोल्यांतून फिरून माझ्याकडंच यायची. मी छाती फुगवली. "न करमायला काय झालं? माझा माणूस आहे इथं. समोर!" आणि त्या एका माणसाच्या जोरावर मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली.

माझा माणूस म्हणजे हेच ते दोन शालींचे दादा. आमची दोस्ती हाळीनंच सुरू झाली आणि हाळीवरच उभी होती. मी पुकारायचो, ते बाहेर यायचे. मी चहाचं विचारायचो, ते होबे म्हणायचे. मी धुक्याबद्दल काही बोललो की ते टोपी खाली ओढून दाखवायचे. एकदा तर त्यांनी स्वतःहून ओरडून सांगितलं, "मोशाई, आपका गला तो माइक है!" मोशाई म्हणजे महाशय. हे कौतुक मी महिनाभर पुरवून खाल्लं. गावी पुतण्याला फोन करून सांगितलं. पुतण्याला मी दादा जहाजाचे कप्तान असल्याचं सांगितलं होतं, मुलाला निवृत्त न्यायाधीश. खरं काय ते मला माहीत नव्हतं. पण रोज सकाळी एवढ्या उंचीवर येऊन उभा राहणारा माणूस म्हणजे कोणीतरी असणारच.

ते जहाज निघालं त्याच संध्याकाळी लिफ्टजवळच्या फळ्यावर कागद लागला. कॉम्प्लेक्सच्या कमिटीचा, इंग्रजीत. रेसिडेंट्स आर काइंडली रिक्वेस्टेड टू रिफ्रेन फ्रॉम शाउटिंग अ‍ॅक्रॉस द टॉवर्स. सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये या टॉवरवरून त्या टॉवरवर ओरडणारा मी एकटा, तरी मला अनेकवचन लावलं होतं. निवृत्तीनंतर एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता. बाकी कागद मला समजला. काइंडली समजलं, शाउटिंग तर घरचंच. मधला तो एक शब्द तेवढा अडला.

आमची सून कोलकात्यातच जन्मलेली. तिचे आजोबा कस्टममध्ये नोकरीला म्हणून खिदिरपूरला आले ते परत गेलेच नाहीत. त्यामुळं तिचं मराठी घरात वाढलेलं आणि बाहेरच्या बंगालीत मुरलेलं. चहा ती पीत नाही, खाते. आई तिची 'तो' असते आणि बाबा 'ती'. पण पोरगी गुणाची, आणि इंग्रजी असं की साहेबानं शिकवणी लावावी.

"बाबा, चहा खाणार?"

"खाऊ. आधी मला सांग, रिफ्रेन म्हणजे काय?"

तिनं मुलाकडं बघितलं. मुलानं मोबाइलकडं.

"म्हणजे करू नका," तो मान वर न करता म्हणाला.

"मग 'नो शाउटिंग' लिहायला यांची शाई संपली होती? आमच्या स्टँडवर 'थुंकू नये' असं लिहिलेलं असायचं. तिथं कोणी 'थुंकण्यापासून रिफ्रेन' असं लिहिलं असतं तर लोक विचार करत उभे राहिले असते आणि विचार करता करता थुंकले असते."

सून हसली. तोंडावर हात ठेवून हसते ती. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "नाही बाबा, फरक आहे. 'करू नका' म्हटलं की दुसऱ्यानं थांबवलं. रिफ्रेन म्हणजे तुम्हाला करायचं असतं. तुम्ही करू पण शकता. आणि तुम्हीच स्वतःला धरून ठेवता."

"आवरता."

"हां, आवरता. पण ओरडून नाही. भद्र माणसासारखं."

मला तो शब्द फार आवडला. पुढचे काही दिवस मी तो, नवा स्वेटर घालून हिंडावं तसा, घरभर घालून हिंडलो. जेवताना ताट सरकवून म्हणालो, "आज मी कारल्यापासून रिफ्रेन करतो."

"तुम्हाला कारलं आवडतच नाही, बाबा," सून म्हणाली. "मग ते रिफ्रेन नाही होत. इच्छा पाहिजे आधी."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बाल्कनीतल्या कबुतरांना मी आज चांगलं रिफ्रेन केलं."

"दुसऱ्याला नाही करता येत. ज्याचं त्यानंच करायचं."

"आणि मेलेला माणूस? तो सगळ्यापासूनच रिफ्रेन करतो की."

"नाही, बाबा," ती म्हणाली. "त्याला जमत असून थांबला, असं नसतं ना ते."

ही अट अवघड होती. इच्छा हवी, जमायला हवं, आणि वर आपणच आपला हात धरायला हवा. या मापानं बघितलं तर मी जन्मात कशापासून रिफ्रेन केलं होतं? मनात आलेलं सगळं मी पुकारूनच टाकलं होतं. पण मग दुपारी घर शांत झालं की एकेक ध्यानात यायला लागलं. सुनेच्या बंद दाराशी जाऊन मी काही नाही ते विचारायला हात उचलतो आणि न ठोठावता परत येतो. मुलाला फोन लावायला घेतो आणि खिशात ठेवतो. शेजारच्या कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली की माझ्या तोंडात 'अगं' येतं. ते मी गिळतो. हे सगळं रिफ्रेनच की! एवढं भारी इंग्रजी मी शब्द न येताच करत होतो.

तरीपण फळ्यावरच्या कागदापुढं अशी सहज मान तुकवणं माझ्या रक्तात नव्हतं. मी कमिटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले बंगालीबाबू होते, समोर गरम कचोऱ्या घेऊन बसले होते.

"किसने शिकायत की?" मी टेबलावर हात आपटला. कचोरी उडाली. फार नाही, वीतभर.

"ओ तो हम नहीं बोलेगा, दादा."

"और मैं नहीं रुका तो?"

त्यांनी विचार केला. "तो फिर से रिक्वेस्ट करेगा."

"उसके बाद?"

"उसके बाद भी रिक्वेस्ट ही है। ऑर्डर तो हम दिया नहीं। लीजिए, कचोरी खाइए।"

इथं माझी पंचाईत झाली. बंदी घातली असती तर मी उपोषणाला बसलो असतो, फोर्ट विल्यमवर चालून गेलो असतो, अख्खी फौज हाळीनं परतवली असती. पण हात जोडून, कचोरी पुढं करून, 'तुमचं तुम्हीच बघा' म्हणणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? मी दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि उठलो. रिफ्रेन करायचं ठरलं होतं.

लिफ्टमधून वर येताना मला दुसरीच युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर तर मी खूश झालो. उद्या सकाळी हाळी जाणार नाही. परवाही नाही. मग कधीतरी समोरून दार उघडेल आणि दादा आपण होऊन हाळी देतील, "मोशाईऽऽ! की होलोऽऽ?" काय झालं? एवढं त्यांनी विचारलं की बस. त्या दिवशी मुलाला सांगून टाकायचं, मी इथंच राहतो, किल्ली पुतण्याकडंच राहू दे. आणि नाहीच विचारलं तर... पण न विचारायला काय झालं? माझा माणूस होता तो.

पहिल्या सकाळी सवयीनं बाल्कनीत गेलो, छाती भरून घेतली आणि तोंड मिटून उभा राहिलो. ती हाळी गळ्यापर्यंत आली, दार बंद बघून पोटात उतरली आणि दुपारपर्यंत आत 'दादा, दादा' करत फिरत राहिली. जेवण गेलं नाही. समोरचं दार बंदच. दरवान वर बघत होता, शिट्टी तोंडाशी धरून. त्यालाही चुकल्याचुकल्यासारखं झालं असणार. कबुतरं टाकीवर बसून राहिली. खिदिरपूरची जहाजं, माझ्या अंदाजानं, सगळी अडकली.

आणि तेव्हा मला त्या क्रियापदाची खोड कळली, जी सुनेनं सांगितली नव्हती. ओरडलेलं सगळ्यांना ऐकू जातं. न ओरडलेलं कोणाला ऐकू जाणार? मी एवढा मोठा पराक्रम करत होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत होतं? एक म्हातारा बाल्कनीत उभा आहे. असे म्हातारे प्रत्येक टॉवरला दोन-तीन आहेत. त्यातला कोण रिफ्रेन करतोय आणि कोणाला मुळात काही म्हणायचंच नाही, हे सांगणार कोण?

दादा बाहेर यायचे, पण उशिरा. ऊन कुंड्यांवर चढलं की मगच दार उघडायचं. रोज आणखी थोडं उशिरा. मी मनाशी म्हटलं, मनाला लावून घेतलंय त्यांनी. एक दिवस पाणी घालता घालता ते थांबले आणि माझ्या टॉवरकडं त्यांनी बघितलं. बघितलं म्हणजे काय, शोधलं! मी वाळत घातलेल्या चादरीमागं होतो, नाहीतर त्याच दिवशी निकाल लागला असता.

"आज ते दुर्बीण घेऊन आले होते," मी रात्री जेवताना सांगितलं.

"दुर्बीण?" मुलानं घास थांबवला.

"बरं, चष्मा. पण शोधत होते."

सून म्हणाली, "बाबा, तुम्ही खाली जाऊन भेटा ना त्यांना. समोरच तर राहतात."

शपथेवर सांगतो, इतक्या महिन्यांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडं ओढ्यापलीकडच्या माणसाला हाळी देतात, तो हाळी देतो, दोघांचा दिवस चांगला जातो. त्यासाठी ओढा कोण ओलांडतो? पण संक्रांत तोंडावर आली होती. मुलगा विचारत नव्हता, पण त्याचं न विचारणं मला आता ऐकू यायला लागलं होतं. बिचारा तोही रिफ्रेनच करत होता.

संक्रांतीच्या सकाळी सुनेनं डब्यात तिळाच्या वड्या भरून दिल्या. मी कोट घातला, मफलर बांधला. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी धुकं होतं, आणि धुक्यात दोन शाली उभ्या होत्या. हातात दुधाच्या पिशव्या.

"दादा," मी म्हणालो. इतकं हळू मी स्वतःच्या लग्नातही बोललो नव्हतो.

"बोलिए?"

"मैं. सामनेवाला. नाइन्थ फ्लोर."

त्यांनी मला खालून वर बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "ओ! आप! आप तो इतना छोटा आदमी है! आवाज से तो हम समझा..." आणि त्यांनी दुधाच्या पिशव्यांसकट दोन्ही हात पसरून दरवाजाएवढा माणूस दाखवला.

आम्ही दोघंही हसलो. मी डबा उघडला. त्यांनी वडी खाल्ली, "भालो, खूब भालो," म्हणाले आणि दुसरी टोपीखालून मान हलवत खाल्ली. मग माझ्यासाठी चहा सांगितला. आम्ही मातीची भांडी हातात धरून उभे राहिलो. ते कप्तान नव्हते, न्यायाधीश नव्हते, शाळेत भूगोल शिकवायचे. मी स्टँडचं सांगितलं. त्यांनी इचलकरंजी कुठं आहे ते मला सांगितलं, बरोबर सांगितलं. मग बोलणं संपलं. एवढ्या जवळून काय बोलतात ते दोघांनाही सुचेना. ते पिशव्या या हातातून त्या हातात घेत होते. मी चहाचा शेवटचा घोट तसाच ठेवला होता, तो घेतला असता तर निघावं लागलं असतं.

"वो नोटिस लगा था ना," मी म्हणालो. "मैंने रिफ्रेन किया."

"हां, हां. देखा हम. बहुत अच्छा."

मी वाट बघितली. संध्याकाळी मुलगा ऑफिसातून येणार होता, आणि आज मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. मागून एक टोटो, म्हणजे इकडची बॅटरीवरची रिक्षा, भोंगा वाजवत गेली. एवढासा भोंगा, पण मला तिचा हेवा वाटला.

"दादा, सच बोलो. अब सुबह मेरी आवाज नहीं आती. आपको... कुछ फरक लगता है?"

त्यांनी रिकामं भांडं टोपलीत टाकलं. शाल सारखी केली. प्रश्न मनावर घेऊन, शाळेत उत्तर तपासावं तसा, त्यांनी नीट विचार केला.

"हां," ते म्हणाले. "आजकल नींद अच्छा होता है."